मूठभर मुरमुऱ्यांची लेक

शेवंताबाईच्या पोरीचा बाप कोण, या प्रश्नावर भरवेलीत जेवढा खल झाला तेवढा राज्यांची वाटणी करताना तरी झाला असेल का, मला शंका आहे. छप्पन साली नवी सरहद्द पडली. गोंदिया तिकडे गेलं, आमचं बालाघाट इकडे राहिलं. आत्या एका राज्यात, भाचा दुसऱ्या राज्यात. लोकांनी थोडे दिवस तोंड वाजवलं आणि मग आपापल्या कामाला लागले. शेवंताबाईच्या पोरीची गोष्ट मात्र अठरा वर्षं चघळली आणि तरी तिचा चोथा झाला नाही.

माझं सायकलचं दुकान खाणकामगारांच्या चाळींच्या अगदी तोंडाशी. पंक्चर काढेपर्यंत गिऱ्हाईक बसून राहतं, आणि बसलेला माणूस बोलतोच. दुकानात जे कळायचं नाही ते आमची रुख्माबाई नळावरून घेऊन यायची. त्यामुळे या गोष्टीतलं मी जे सांगतो ते पक्कं आहे. आणि जे पक्कं नाही तेही मी तितक्याच ठामपणे सांगेन, काळजी नसावी.

शेवंताबाई उंच, रुंद हाडाची बाई. नवरा लग्नानंतर लवकरच तापाने गेला. सासर-माहेर दोन्हीकडून निरोप आले, ये म्हणून. ती गेली नाही. "तिथी जाऊन कोनाच्या चुलीसमोर बसू? इथी माही चूल हाये," एवढंच म्हणाली आणि खाणीवर माल छाटायला जाऊ लागली. मँगनीजचा काळा दगड हातोडीने फोडायचा, चांगला माल एका टोपल्यात, माती-मुरूम दुसरीकडे. संध्याकाळी बायका परतायच्या तेव्हा सगळ्यांची तोंडं सारखीच काळी. कोण कोण आहे ते आवाजावरून ओळखायचं. शेवंताबाईला ओळखायला काही अडचण नव्हती. मुकादम प्रेमलाल तिचा आवाज ऐकला की वाट बदलायचा.

सत्तावन सालच्या थंडीत ती माहेरी गेली. माहेर गोंदियाच्या बाजूला, राजेगावचा नाका ओलांडून पलीकडे. परत आली ती काखेत बोचकं आणि छातीशी तान्हं पोर घेऊन. नळावर रुख्माबाईने पहिला तोफगोळा टाकला.

"काय वं शेवंता, गेलती तवा एकली गेलती ना?"

"हौ. अन् आली तं दोघी आली. मोजता येते तुले."

"कोनाची व्हय पोट्टी?"

"माही."

"ते तं झालं. पन कोनाची?"

"माही म्हनलं ना! मूठभर मुरमुरे देऊन घेतली."

नळावर हशा झाला. लोकांना वाटलं, बाई तोंड चुकवते आहे. खरं म्हणजे तिने पहिल्याच दिवशी, भर नळावर, सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं होतं. पण खरं इतक्या सरळ मिळालं तर ते घेतं कोण?

पोरीचं नाव तिने बिसाहीन ठेवलं. आमच्याकडच्या हिंदीत बिसाहणं म्हणजे विकत घेणं. हाक मारताना बिसा. पहिले दोन-चार दिवस शेजारणीच्या बकरीचं दूध नेलं, मग नेईनाशी झाली. विचारलं तर म्हणाली, "आता घरी बकरी हाये." रुख्माबाई मुद्दाम जाऊन पाहून आली आणि दुकानात येऊन माझ्या कानाशी लागली.

"अवो, तिच्या घरी बांधला हाये तो बोकड हाये!"

"मग?"

"मंग पोट्टी पेते काय?"

मी हसलो, तीही हसली, आणि आम्ही तो प्रश्न तिथेच सोडला. कारण त्याहून रसाळ प्रश्न समोर होता. शेवंताबाई कामावर जाताना पोरीला सोबत न्यायची आणि मालाच्या ढिगाजवळच्या पळसाला झोळी बांधायची. झोळी कशाची? पुरुषाच्या धोतराची! चांगलं लांबरुंद, लाल काठाचं धोतर, आणि त्याच्या एका टोकाला जळल्याचं भोक.

प्रेमलाल मुकादम पहिल्याच दिवशी ओरडला, "शेवंता, इथी लेकरू चालनार नाई!"

"मंग तुह्या मांडीवर घे," शेवंताबाई हातोडी न थांबवता म्हणाली. "तुही मांडी तशीबी रिकामीच राहते."

बायका टोपली खाली ठेवून हसल्या. प्रेमलाल गेला तो गेलाच. पण त्या धोतराने चाळीत हाहाकार केला. धोतर आहे म्हणजे बाप आहे. बाप आहे म्हणजे त्याचं एक धोतर कमी आहे. घराघरांतून पेट्या उघडल्या गेल्या. मी आयुष्यभर पायजमा घालणारा माणूस, तरी आमच्या ट्रंकेचीही झडती झाली. एका बिचाऱ्या फिटरचं धोतर खरंच धोब्याकडे राहिलं होतं. त्याची बायको ते हातात येईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

या गडबडीत शेवंताबाईकडे तिची बहीण राहायला आली, तिकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. सीता नाव. "नवऱ्यानं टाकली," शेवंताबाईने सांगितलं. टाकलेल्या बाया काय कमी होत्या. त्यात बातमी ती कसली? सीता बारीक चणीची, पदर कपाळापर्यंत ओढलेला, विचारलं तर हौ नाहीतर नाई. तीही माल छाटायला लागली आणि चार दिवसांत बाकीच्यांसारखी काळी झाली.

सीतेबद्दल चाळीचं एकच मत झालं, की बाई कोरडी आहे. बहिणीची एवढी गोड पोर, पण रस्त्यात कधी कडेवर घेणार नाही. तिला काजळ लावणार नाही. सगळ्या मावश्या भाचरांना "माही सोनी, माही बाय" करतात. हिच्या तोंडून "माही" हा शब्द कधी निघाला नाही. बिसाला गोवर निघाली तेव्हा शेवंताबाई आत पोरीजवळ, आणि ही बाहेर उंबरठ्यावर बसून. रुख्माबाईने टोमणा मारला, "काय वं सीता, आत जाऊन हात फिरव ना पोरीवर!" सीता म्हणाली, "नाई." आणि उंबरठा धरून बसून राहिली.

बिसा मोठी झाली. शेवंताबाईला माय म्हणायची, सीतेला मावशी. आठवीपर्यंत शिकली, आणि जीभ तर मायचीच घेतली. शाळेत एकाने "मुरमुऱ्याची, मुरमुऱ्याची" म्हणून चिडवलं तर त्याला म्हणाली, "मले घ्याले मुरमुरे तरी लागले. तुले तं फुकट वाटलं अस्तं, तरी कोनी घेतलं नस्तं."

मग तेजरामची सायकल पंक्चर होऊ लागली. तेजराम खाणीवर कंप्रेसर चालवायचा. गुणी पोरगा, पण त्याच्या सायकलला होणारी पंक्चरं विलक्षण. ट्यूब पाण्यात बुडवली तर बुडबुडा नाही. दुकानासमोर शेवंताबाईची खोली, आणि हा बाकावर बसून खोलीकडे तोंड करून. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "बाबू, भोक ट्यूबला नाही, दुसरीकडे पडलं आहे. तिथे माझं ठिगळ चालत नाही. बापाला पाठव."

बाप टिकाराम वारासिवनीचा. कपाळावर आठी घेऊनच आला. पोरगी आवडली, पण विचारायचं ते विचारलंच.

"पोरीचे वडील?"

"वारले," शेवंताबाई म्हणाली.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात लग्न ठरलं. आणि आमच्या रुख्माबाईची जीभ हातभर वळवळली. तिची मावशी राजेगावला. लग्नाची बातमी सांगायला गेली आणि रंगात येऊन मुरमुऱ्यांचा विनोदही सांगून आली. मावशीच्या ओसरीवर शेजारची एक म्हातारी बसली होती, डोळे मिटून. विनोद ऐकून सगळे हसले. म्हातारी ताठ बसली. तिचं नाव तुळसाबाई. मुरमुरे देऊन घेतलेली पोर राजेगावात एकच होती, आणि ती विकणारी हीच.

आता राजेगावची हकीकत सांगायला हवी. ती आम्हाला मागाहून रुख्माबाईच्या मावशीकडून कळली. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत तिच्यासाठी तिकडच्या गावांत एक जुना उपाय करतात. नवं लेकरू सुपात ठेवायचं, पहाटे रस्त्यावर न्यायचं आणि जी पहिली बाई वाटेने येईल तिला विकायचं. जात पाहायची नाही, ओळख पाहायची नाही. तिने पदरात असेल ते मोल द्यायचं, आपलं नाव-गाव मोठ्याने सांगायचं आणि "लेक माही" म्हणून उचलायचं. मरणाला फसवायचं, की बाबा, हे त्या घरचं नाहीच. दिवस मावळायच्या आत आजीने लुगडं-चोळी घेऊन जायचं, जन्म देणाऱ्या मायने पदर पसरून मागायचं, आणि लेकरू घरी आणायचं. मागून आणेपर्यंत जन्म दिलेल्या मायने त्याला "माझं" म्हणायचं नाही, काजळ-तीट लावायची नाही, दुखण्यात अंगावर हात फिरवायचा नाही. नाहीतर मरण ओळखतं.

तुळसाबाईचा मुलगा मोतीलाल, सुखवस्तू शेतकरी. त्याच्या बायकोची, लीलाची, तीन लेकरं एकामागून एक गेली. चौथं झालं. म्हातारीने सुपात घालून पहाटे सडकेवर नेलं, लीलाला दाराआड ठेवलं. वाटेने आली शेवंताबाई, माहेरून परतत होती, पदरात मुरमुरे होते. मूठभर सुपात टाकले आणि मोठ्याने म्हणाली, "मी शेवंता, भरवेलीची. लेक माही." पोर घेऊन रिवाजाप्रमाणे गावाबाहेरच्या चिंचेखाली बसली, आजीची वाट पाहत.

आजी गेलीच नाही. पोरगी होती ना! "पोरगा असता तं आनला असता. पोरगी हाये, गेली तं गेली," म्हणाली आणि चुलीला लागली. शेवंताबाईने दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली आणि शेवटच्या मोटारीने पोर घेऊन भरवेलीला आली. चार दिवसांनी लीला नाहीशी झाली. वाघनदीच्या घाटावर तिचं लुगडं आणि घागर सापडली. कोणी म्हणालं बुडाली, कोणी म्हणालं जंगलाकडे जाताना पाहिली, वाघाने नेली. मोतीलालने दिवस घातले आणि वर्षाच्या आत दुसरी केली. दुसरीला मूल झालं नाही. घर आहे, शेत आहे, आणि डोळे लावून बसलेत चुलतभाऊ.

लग्नाच्या दिवशी मांडव जांभळीच्या डहाळ्यांचा. वारासिवनीहून ट्रकने वऱ्हाड आलेलं, चहा चाललेला. मांडवामागच्या चुलीवर सीता वडे तळत होती. आणि सडकेने दोघं आली. पुढे पांढऱ्या धोतरातला, मिशा पिळलेला मोतीलाल. मागे कमरेत वाकलेली तुळसाबाई, हातात कोरं सूप, सुपात हिरवं लुगडं, चोळी, नारळ.

"शेवंता कोन व्हय?" म्हातारीने विचारलं.

"मी."

"वळखलं काय मले?"

"वळखलं. चिंचेखाली दिवसभर वाट पाह्यली होती तुमची," शेवंताबाई म्हणाली. "आता येऊन राह्यल्या?"

"उशीर झाला बाप्पा. पन रीत ते रीत. सुपात देल्ली, सुपातच वापस नेतो. लुगडं आनलं, चोळी आनली."

"पोट्टीले हळद लागली मामीजी. आता काहून?"

मोतीलाल पुढे झाला. "मांगचं काढू नोको, बाई. पोरगी माही हाये. कन्यादान मी करीन. घर हाये, जमीन हाये, खानारं कोनी नाई. जवायाले घरीच ठेवीन."

जमीन हा शब्द मांडवात पडला आणि टिकारामच्या हातातली बशी ओठापाशी थांबली.

"म्हंजे पोरीचा बाप हा?" तो शेवंताबाईला म्हणाला. "तुमी तं म्हनलं, वारला!"

"माहा नवरा वारला. ते खोटं हाये काय?"

"मी पोरीचा बाप इचारला होता!"

"मी माह्या घरचा सांगतला."

टिकारामने बशी खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता, पण अक्षता पडायच्या आधी असं ताट पुढे आलं तर भल्याभल्यांची भूक वाढते. म्हणाला, "आमाले बिनबापाची पोरगी तशीबी जड जातच होती. मोतीलालजीची लेक म्हनून उभी राहन, तं लग्न. नाई तं ट्रक उभाच हाये."

वाजंत्री थांबली. सगळा मांडव शेवंताबाईकडे पाहू लागला. लेक दिली तर ती लेक राहत नाही. नाही दिली तर वरात परत जाते आणि हळद लागलेली पोर घरात बसते. शेवंताबाईने कमरेवर हात ठेवले.

"रीत म्हनता ना? मंग पुरी रीत करा. सुपातली लेक आजीनं नेली अन् बापानं नेली, असं नसते. जिनं जनम देल्ला तिनं पदर पसरून मांगाची. आना तिले."

"ते तं मेली," मोतीलाल म्हणाला.

"पाह्यली होती मेलेली?"

"लुगडं भेटलं तिचं घाटावर."

"मंग लुगडं मेलं," शेवंताबाई म्हणाली. "बाई कुठी हाये?"

मांडवामागे झारा कढईवर ठेवल्याचा आवाज झाला. सीता आली. हात पिठाने भरलेले, आणि डोक्यावरचा पदर आज प्रथमच खाली उतरलेला.

"मीच हावो लीला," ती म्हणाली.

तुळसाबाईने सूप छातीशी धरलं आणि "भूत! भूत!" करत दोन पावलं मागे सरली. मोतीलालने सीतेला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हे लीला नाई."

"तुमाले कसं माहीत?" सीता म्हणाली. "उजेडात तोंड पाह्यलं होतं काय कधी माहं?"

बायकांमध्ये हसू फुटलं, ते पुरुषांमध्येही पसरलं. घुंगट ओढलेली सून, चिमणीचा उजेड, आणि तीन लेकरांच्या मयतीत खाली घातलेली मान. बिचाऱ्याने पाहिलं असेल तरी कधी? सीता खोलीत गेली आणि घडी घातलेलं कापड घेऊन आली. उलगडलं. ते आम्ही सगळ्यांनी ओळखलं. पळसाच्या झोळीचं धोतर.

"लुगडं घाटावर ठेवलं अन् हे नेसली. डोक्याले पंचा गुंडाळला. सडकेनं निघाली तं वाटेत दोघातिघांनी राम राम केला मले. मीबी केला."

तुळसाबाई पुढे आली. बोटाने तिने ते जळल्याचं भोक चाचपलं आणि मुलावरच कडाडली, "मोत्या, हे तुह्यंच धोतर व्हय! होळीले चिलीम पाडली होती तू याच्यावर. मीच बोंब मारली होती!"

रुख्माबाईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "बापाचंच निघालं वं बाई," ती कोणाला तरी पुटपुटली. आणि खरंच! अठरा वर्षं सगळी चाळ म्हणत होती की धोतर बापाचं आहे. बरोबर म्हणत होती. सगळे धोतराच्या मागे धावले. धोतर नेसून आलेली बाई रोज आमच्यासमोरून डोक्यावर टोपली घेऊन जात होती.

म्हातारी भलती हुशार. भुताचं भय संपताच तिचा आवाज मऊ झाला. "सूनबाई, जित्ती हायेस बाप्पा! मंग झालं ना. रीत पुरी झाली. पसर पदर अन् मांग तुही लेक."

तेव्हा मी शेवंताबाईकडे पाहिलं. मुकादमाला, ठेकेदाराला, साऱ्या चाळीला न घाबरलेली ही बाई. तिचे हात कमरेवरून सुटून खाली आले होते आणि बोटं लुगडं धरू पाहत होती. नियम तिने स्वतःच्या तोंडाने सांगितला होता. आता सीतेने पदर पसरला तर तिला द्यावंच लागणार होतं. आणि सीतेने का पसरू नये? इतकी वर्षं जे तोंडातून काढलं नाही ते चारचौघांत म्हणायची संधी होती. लेकही मिळत होती, घरही, वरातही थांबत होती. पदर पसरायचा अवकाश.

सीतेने पिठाचे हात पुसले. पदर हातात घेतला. आणि कमरेला करकचून खोचला.

"नाई मांगत," ती म्हणाली. "तुमी इकली तवा मले दाराआड ठेवलं. मले कोनी इचारलं नाई. आज इचारलं, तं सांगतो. इकली ते इकली. लेक शेवंताची हाये."

"येडी झाली काय?" मोतीलाल ओरडला. "तू माही बायको हायेस!"

"तुमची बायको नदीत मेली. तुमी दिवस घातले, जेवन देल्लं. मेलेल्या बाईले हुकूम नसते करत."

टिकाराम उठून उभा राहिला. "चल तेजराम, उठ. ट्रकमंधी बस."

तेजराम बाशिंग बांधून पाटावर. तो उठायला आणि बिसा दारात यायला एकच गाठ पडली. अंगभर हळद, हातात काकणं. पोरीने सगळ्या मांडवासमोर होणाऱ्या नवऱ्याला नावाने हाक मारली, तशी वारासिवनीच्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"तेजराम! जमीन पाह्यजे काय तुले?"

तेजरामने बापाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मले नांगर धरता नाई येत. कंप्रेसर येते."

"मंग बस खाली."

तो बसला. बसून बापाला म्हणाला, "बाबा, ट्रक उभा राहू द्या. जाताना नवरीले न्याले लागनच." मांडव हसला. टिकाराम आणखी जरा उभा राहिला. मग कोणी बसा म्हणेना म्हणून आपणच बसला.

पण अजून लग्न लावणारे महाराज बाकी होते. बालाघाटहून आणलेले, नेमाचे पक्के. "कन्यादान के लिए जोडा चाहिए," ते म्हणाले. "पुरुष कौन बैठेगा?"

मोतीलालने मिशीवर हात नेला. तेवढ्यात सीतेने ते धोतर उचललं, नीट चौघडी केली आणि मधल्या पाटावर ठेवलं. एका बाजूला शेवंताबाई बसली, दुसऱ्या बाजूला सीता.

"घ्या महाराज," शेवंताबाई म्हणाली. "पुरुष बसला. अठरा वर्स यानंच पोरीले झोका देल्ला. दुसऱ्या कोन्या पुरुषानं देल्ला असन, तं उठवा याले."

महाराजांनी धोतराकडे पाहिलं, वड्यांच्या टोपल्याकडे पाहिलं, दगड फोडून घट्टे पडलेल्या त्या चार हातांकडे पाहिलं आणि मंत्र सुरू केला. आपल्या धोतराला कन्यादानाचा मान मिळताना पाहायचं नशीब जगात फार थोड्यांना लाभत असेल. मोतीलालला लाभलं. तो ते पुरतं न पाहताच सडकेला लागला.

तुळसाबाई नाही गेली. पंगत सोडून जाईल ती तुळसाबाई कसली! शेवंताबाईने तिला स्वतः वाढलं, दोनदा वडे घातले. निघताना म्हातारीने लुगडं पुढे केलं, तर शेवंताबाईने ते परत सुपात ठेवलं. "घरच्या सुनेले द्या. तिनंबी सोसलं असन." आणि वरून मूठभर मुरमुरे टाकले. "हे वाटेत खाले."

घरी आल्यावर रुख्माबाईने लग्नातलं लुगडं बदललं, चूल पेटवली. मग हळूच म्हणाली, "तरी मी म्हनलंच होतं. बोकड दूध देते काय कुठी?"

पुढे तिने बिसालाच विचारलं, तुला माहीत होतं का. बिसा म्हणाली, "गोवर निघाली होती तवाच. मी डोळे उघडले की मावशी उंबरठ्यावर. परकं मानूस असं बसते काय, मामी?"

लग्नानंतरही सीता बदलली नाही. चाळीतल्या बायकांनी खूप डिवचलं, आता सगळं उघड झालं, आता तरी म्हण की लेक माझी आहे. ती मान हलवायची. मागून घेतली नाही, तर म्हणायचं कसं? तीन लेकरं मातीत ठेवलेली बाई ती. तिच्या भीतीला हसायची हिंमत माझ्यातही नव्हती.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात बिसाला मुलगी झाली. तेजरामच्या घरचं कोणीतरी म्हणालं, सूप आणायचं का? बिसाने सूप धान्य पाखडायला ठेवलं आणि बारशाला सगळी चाळ बोलावली. पाळण्याला तेच धोतर. सीता पुढे झाली आणि सर्वांदेखत पोरीला उचललं, काजळाचं बोट तिच्या गालाला लावलं, आणि मोठ्याने म्हणाली, "माही हाये. माही!"

रुख्माबाईला राहवेना. "काय वं सीता, रीत मोडली ना!"

सीतेने नात खांद्यावर घेतली आणि वळून म्हणाली, "काहून? लेक इकली होती मी. नात कवा इकली?"